काळा दगड इथेही, तिथेही: मग सोने कोलारलाच का?

सह्याद्री बेसॉल्टचा. कर्नाटकातल्या कोलारची सोन्याची खाण ज्या काळ्या खडकात होती, तोही मुळात बेसॉल्टच. दोन्हीकडे लाव्हा, दोन्हीकडे लोह भरपूर, आणि मूळ खडकातले सोनेही साधारण एकाच मापाचे, म्हणजे टनामागे दोन-चार मिलिग्रॅम. तरी कोलारने सव्वाशे वर्षांच्या आत सुमारे ८०० टन सोने दिले, आणि आपल्या घाटात सोने शोधायला कुणी जात नाही. एकाच जातीच्या दगडांचे नशीब इतके वेगळे कसे झाले, हे समजले की प्राचीन खडकांतल्या सोन्याचे निम्मे शास्त्र समजले.

आधी थोडा हिशेब करू, कारण या विषयात आकडे बाजूला ठेवले की लगेच दंतकथा सुरू होतात.

कोलारमधून सुमारे ५ कोटी टन दगड निघाला आणि त्याची सरासरी टनाला १५ ग्रॅमच्या पुढे गेली. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर टनभर दगडात दीड तोळ्याच्या आतबाहेर. आजच्या भूमिगत खाणीत टनाला पाच ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्यापेक्षाही कमी, मिळाले तरी काम चालते. पण साध्या बेसॉल्टमधल्या दोन मिलिग्रॅमशी ताडून पाहिले तर पाच ग्रॅम म्हणजे अडीच हजार पट. निसर्गाने कुठून तरी सोने गोळा करून इथे आणून ठेवले, त्याशिवाय ही वाढ होत नाही.

गोळा करायला दगड किती लागला असेल? टनातल्या दोन मिलिग्रॅमपैकी निम्मे निघाले असे धरा. ८०० टन सोन्यासाठी ८०० अब्ज टन दगड लागेल. घनमीटरला २.९ टन वजनाने तो होतो साधारण २८० घन किलोमीटर. कोलारचा काळ्या खडकाचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटर लांब आणि बऱ्याच ठिकाणी तीन-चार किलोमीटर रुंद आहे. या पट्ट्याएवढाच पट्टा खाली खोलवर एक किलोमीटर जाडीपर्यंत पिळून काढला की हिशेब जमतो. म्हणजे सोन्यासाठी अवकाशातून काही पडावे लागत नाही, की पृथ्वीच्या गाभ्यातून खास वाट काढावी लागत नाही. साधा बेसॉल्ट पुरतो, फक्त तो पिळला गेला पाहिजे.

पाणी कुठून आले

कोलार, हट्टी, गदग या कर्नाटकातल्या सोन्याच्या सगळ्या जागा धारवाड क्रेटॉनमध्ये येतात. क्रेटॉन म्हणजे भूखंडाचा जुना, कडक, फारसा न हललेला तुकडा. त्यातले बेसॉल्ट सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचे आणि पाण्याखाली ओतलेले. लाव्हा समुद्रात ओतल्यावर उशीसारखे गोळे होतात, ते या पट्ट्यांत अजून ओळखू येतात. समुद्राचे पाणी त्या गरम खडकात मुरले आणि त्यातली खनिजे बदलली. पाणी धरून ठेवणारी हिरवी खनिजे तयार झाली, मुख्यतः क्लोराइट. अशा पट्ट्यांना भूवैज्ञानिक ग्रीनस्टोन पट्टे म्हणतात ते या हिरव्या छटेवरून. क्लोराइटच्या वजनातला दहा-बारा टक्के भाग पाण्याचा असतो. स्फटिकाच्या आत बांधलेले पाणी, दगड पिळला तरी थेंब येणार नाही असे.

मग भूखंडांच्या रेट्यात हे थर दुमडले, एकमेकांखाली दाबले गेले आणि खोल जाऊन तापले. तापमान साधारण ४५० ते ५५० अंश सेल्सियसमध्ये पोचले की क्लोराइट टिकत नाही. त्याचे हॉर्नब्लेंडसारख्या बऱ्याच कोरड्या खनिजांत रूपांतर होते आणि बांधलेले पाणी सुटते. त्याच टप्प्यावर पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे पिवळे खनिज, मोडून गंधक सुटतो आणि कार्बोनेट खनिजांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खडकाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के द्रव सुटला तर टनामागे २५ किलो पाणी आणि त्यात एक मिलिग्रॅम सोने. या प्रमाणात एक टन पाण्यात ४० मिलिग्रॅम सोने विरघळलेले असते. पाच ग्रॅम सोन्याला किमान सव्वाशे टन पाणी लागले, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा-तेरा टँकर, तेही वाटेत काहीही वाया गेले नाही असे धरून.

सोने तर आम्लातही विरघळत नाही, मग पाण्यात कसे विरघळले? सराफाच्या तेजाबाला, म्हणजे नायट्रिक आम्लाला, सोने दाद देत नाही हे खरे. म्हणून तर ते सोने. पण सोन्याला गंधकाची ओढ आहे. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड गरम पाण्यात असला की सोन्याचा एक अणू गंधकाच्या दोन गटांना धरून बसतो आणि ती जोडगोळी पाण्यात आरामात फिरते. तांबे, शिसे, जस्त यांना मात्र क्लोरीन, म्हणजे मीठ, हवे असते. खडकातून सुटलेल्या या पाण्यात मीठ फार कमी असते, समुद्राच्या पाण्याइतके किंवा थोडे जास्त. म्हणून हे पाणी सोने उचलते आणि तांबे-शिसे मागे सोडते. प्राचीन पट्ट्यांतले सोने बरेच शुद्ध का असते, त्यात चांदी बहुधा दहा टक्क्यांच्या आत आणि इतर धातू नावालाच का, याचे उत्तर या मिठाच्या तुटवड्यात आहे.

दख्खनचा बेसॉल्ट नेमका इथे मागे राहतो. तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी बहुतांशी कोरड्या जमिनीवर पसरला आणि तेव्हापासून जवळजवळ आडवाच पडून आहे. ना तो दहा-पंधरा किलोमीटर खोल गाडला गेला, ना दुमडला, ना पाचशे अंशांना तापला. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी, जांभळा अॅमेथिस्ट भरपूर मिळतो; जळगाव, नाशिक, पुण्याकडचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण ते कमी तापमानाच्या, गंधक नसल्यागत पाण्यातून जमले. ते पाणी सोने वाहून नेणारे नव्हते. विहीर खणताना पांढरी गार लागली की सोन्याची आशा धरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

सोने उतरते ते नेमके कुठे

पाण्यात सोने चढणे ही गोष्टीची सोपी बाजू. अवघड प्रश्न हा की ते एकाच जागी का उतरते. सर्वत्र थोडे थोडे उतरले असते तर पुन्हा टनाला काही मिलिग्रॅमच राहिले असते आणि बारा-तेरा टँकर काय, सव्वा लाख टँकरही फुकट गेले असते.

सुटलेल्या पाण्याला वर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे खडकाचे दोन भाग एकमेकांवर घासून चिरडलेला पट्टा, शिअर झोन. असे मोठे पट्टे दहा-दहा, शंभर-शंभर किलोमीटर लांब असतात. गंमत म्हणजे त्या मुख्य पट्ट्यात सोने बहुधा नसते. तो हमरस्ता. सोने मिळते त्याच्या फांद्यांत, फांद्यांच्या फांद्यांत, जिथे भेग वळण घेते किंवा कडक आणि मऊ खडकांची सीमा ओलांडते. नवख्या शोधकाचे पैसे हमरस्त्यावर बोअर मारण्यात जातात.

दहा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचे वजन सुमारे २,७०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण २,७०० पट, दाब देते. तिथपासून पृष्ठभागापर्यंत मोकळा पाण्याचा स्तंभ असता तर त्याचा दाब १,००० बार झाला असता. भेग गारगोटीने बुजलेली असते तेव्हा खालचे पाणी कोंडते आणि त्याचा दाब हळूहळू २,७०० कडे, कधी त्याच्याही वर जातो. मग खडक तडकतो, भूकंप होतो, भेग उघडते आणि दाब काही क्षणांत शेकडो बारांनी कोसळतो. कुकरची शिट्टी उडावी तसे. फरक इतकाच की इथली शिट्टी स्वतःच पुन्हा बुजते. दाब पडताच पाण्यातला सिलिका गारगोटी होऊन बसतो, भेग बंद होते, पुन्हा कोंडी सुरू. भूवैज्ञानिक रिचर्ड सिब्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही झडपेची कल्पना मांडली. हट्टीच्या शिरांत, म्हणजे गारगोटीने भरलेल्या अशा भेगांत, पातळ पातळ पट्ट्या दिसतात, काळ्या खडकाचे कागदासारखे थर मधे अडकलेल्या. त्या एकेका पट्टीमागे भेग उघडण्याची एकेक वेळ आहे.

दाब पडला की कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यातून वायू होऊन निसटतात. गंधक गेला की सोन्याचा आधार गेला. ते तिथेच धातू म्हणून उतरते. शिरेतले डोळ्यांना दिसणारे सोने बरेचसे असे आलेले.

दुसरी रीत शांत आहे आणि मला वाटते जास्त महत्त्वाची, कारण ती दगडाची जात पाहते. शिरेतले पाणी आजूबाजूच्या खडकात झिरपते. खडकात लोह असेल तर ते गंधक हिसकावून घेते आणि पायराइट किंवा पायरोटाइट बनते. सोने पुन्हा निराधार. म्हणूनच लोहाने भरलेला काळा खडक सोन्याचा चांगला सापळा ठरतो, आणि तीच शीर ग्रॅनाइटमध्ये शिरली की बहुधा वांझ होते. लोहखनिजाच्या पट्टेदार खडकात तर हे अगदी ठळक दिसते. हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरचे सोने अशा पट्टेदार लोहखडकात आहे. थंड होणे हे कारण इथे दुय्यम. तापमान मुख्य कारण असते तर सोने एका ठराविक खोलीच्या पातळ थरात जमले असते. कोलारची चॅम्पियन शीर सरासरी मीटरभर जाडीची, पण खाण तिच्या मागोमाग ३.२ किलोमीटर खोल गेली तरी सोने चालूच होते. त्या खोलीवर खडकच ६५ अंशांच्या आसपास तापलेला, आणि ताणाने खडक अचानक फुटून उडण्याचे प्रकार नेहमीचे. खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली ती सोने संपून नव्हे. टनाला मिळणारे ग्रॅम कमी होत गेले आणि ते वर आणण्याचा खर्च वाढत गेला.

या दुसऱ्या रीतीचा व्यवहारात सरळ अर्थ असा: फक्त पांढरी गारगोटी फोडून नमुना घेऊ नका. तिच्या दोन्ही बाजूंचा, काळ्या अभ्रकाने चमकणारा, पायराइटचे ठिपके असलेला खडक वेगळ्या पिशव्यांत घ्या. हट्टीत बरेच सोने अशा बदललेल्या खडकातच आहे. उलट दुधासारखी स्वच्छ, जाडजूड, आत काहीच नसलेली गारगोटी दिसायला देखणी आणि बहुतेक वेळा रिकामी.

इतके जुनेच खडक का

वय वाढले म्हणून दगडात सोने येत नाही. २७० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात भूखंडांचे तुकडे झपाट्याने तयार होत होते आणि एकमेकांना चिकटत होते. ऑस्ट्रेलियातले कालगुर्ली, कॅनडातले टिमिन्स आणि आपले कोलार, तिन्ही ठिकाणी ग्रीनस्टोनचे पट्टे त्या धामधुमीतले. दुसरे कारण जपणुकीचे. सोने पाच-दहा किलोमीटर खोल जमले; आपल्या हाती यायचे तर वरचा तेवढा खडक झिजून जायला हवा, पण त्याहून फार जास्त झिजता कामा नये. क्रेटॉन हे काम सावकाश करतात आणि मग थांबतात. ज्वालामुखीच्या कुशीत काहीशे मीटर खोलीवर जमणारे सोने असेही असते, पण ते इतक्या जुन्या खडकांत क्वचितच टिकते; झिजेत सगळ्यात आधी तेच जाते.

दक्षिण आफ्रिकेतले विटवॉटर्सरँड या चौकटीत बसत नाही. तिथे सोने प्राचीन नद्यांच्या गोट्यांच्या थरात आहे, आणि आजवर माणसाने काढलेल्या सोन्याचा साधारण चौथ्या हिश्शाएवढा वाटा तिथला. गोट्यांबरोबर पायराइट आणि युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे घासून गोल झालेले दाणे आहेत. आजच्या नदीत ही खनिजे गंजून संपतात. ती टिकली, म्हणजे तेव्हाच्या हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता.

महाराष्ट्राची बाजूही सांगायला हवी. भंडारा आणि नागपूरच्या पूर्वेकडच्या भागात बेसॉल्ट नाही. तिथे साकोली गटाचे जुने, दुमडलेले खडक आहेत आणि त्यांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सोन्याच्या नोंदी केल्या आहेत, पण चालू खाण नाही. गोवा आणि सिंधुदुर्गाच्या काही भागात धारवाडचेच नातलग खडक उघडे आहेत. बाकी बहुतेक महाराष्ट्रात जुना खडक बेसॉल्टखाली झाकलेला. कोयनेजवळच्या खोल बोअरमध्ये सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नीस लागला, ग्रीनस्टोन नव्हे.

शोधताना आणि मोजताना

पहिला सुगावा बहुधा पूर्वजांचाच असतो. हट्टीत दोन हजार वर्षांपूर्वीची खोदकामे आहेत. आग लावून दगड तापवायचा आणि तडकवायचा, अशा रीतीने ती माणसे खूप खोल गेली होती. याच रायचूर जिल्ह्यात मस्कीला १९१५ मध्ये सी. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरच्या इंजिनियरला शिलालेख सापडला आणि त्यात ‘अशोक’ हे नाव सरळ कोरलेले निघाले. सोने शोधायला जावे आणि सम्राट सापडावा, असे क्वचितच घडते.

जुन्या खोदकामानंतर माती. सोन्याऐवजी आधी आर्सेनिक मोजतात. ते सोन्याच्याच पाण्यातून येते, पण शिरेभोवती कितीतरी जास्त रुंद पसरते आणि टनाला दहा-वीस ग्रॅमच्या पातळीवर सहज मोजता येते. सोबत अँटिमनी, टंगस्टन, टेल्युरियम पाहतात. ओढ्यातली वाळू थाळीत धुण्याची रीत आपल्याकडच्या झारेकऱ्यांना नवी नाही. सराफकट्ट्यावरची धूळ ते अशीच धुतात. सोन्याची घनता १९.३, पायराइटची ५, गारगोटीची २.६५, म्हणून सोने थाळीच्या तळाला शेवटपर्यंत राहते. थाळीत पिवळे चमकून पाण्याबरोबर वाहून जाते ते हमखास झिजलेले सोनेरी अभ्रक. पायराइट ओळखायला सुई पुरते: सोने दबते, पायराइटची भुकटी होते. कसोटीवरही पायराइटची रेघ काळपट उमटते.

मोजणीत मात्र चांगले चांगले फसतात. एक मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा दाणा १० मिलिग्रॅमचा असतो. टनाला पाच ग्रॅमच्या दगडातले सगळे सोने अशा दाण्यांत असेल तर टनात ५०० दाणे, म्हणजे दोन किलोला एक. प्रयोगशाळेत ३० ग्रॅम भुकटी तपासली तर ६७ पुड्यांपैकी ६६ पुड्यांत शून्य येईल आणि एका पुडीत टनाला ३३७ ग्रॅम. त्या एका पुडीवर उड्या मारणारा आणि बाकीच्या ६६ पाहून जागा सोडणारा, दोघेही चूक. उपाय: नमुना मोठा घ्यायचा, भुकटी किलोभर करायची, ती १०० मायक्रॉनच्या आसपासच्या चाळणीतून गाळायची. सोने दळले जात नाही, चपटे होऊन चाळणीवर राहते; तो वरचा भाग पूर्ण तपासायचा आणि खालच्याचे दोन नमुने घ्यायचे.

तपासणीची खात्रीची रीत अजून जुनीच आहे. मुशीत ३० ग्रॅम भुकटी, मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि चमचाभर पीठ घालून हजार अंशांच्या वर तासभर वितळवायचे. पिठातला कार्बन मुरदाडशिंगाचे शिसे करतो, शिशाचे थेंब सोने-चांदी गोळा करत तळाला जातात. तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या वाटीत तापवला की शिसे वाटीत शोषले जाते आणि मणी उरतो. मण्यातली चांदी तेजाबात विरघळवायची. चांदी सोन्याच्या अडीच-तीन पटींहून कमी असेल तर तेजाब आत शिरत नाही, म्हणून आधी चांदी मुद्दाम मिसळतात. नमुन्यात गंधक किंवा आर्सेनिक जास्त असेल आणि आधी भाजून घेतला नसेल तर गोळा नीट जमत नाही आणि आकडा कमी येतो. हॉलमार्किंगची तपासणीही याच तत्त्वावर चालते.

आणि नमुना हाताळणाऱ्याने अंगठी काढून ठेवावी. दळण्याच्या यंत्रात आधीच्या श्रीमंत नमुन्याचे सोने फासून बसलेले असते, म्हणून दोन नमुन्यांमध्ये कोरी गारगोटी दळतात आणि तीही तपासायला पाठवतात. त्या कोऱ्या गारगोटीत सोने निघाले तर आधीचे सगळे आकडे संशयित.

सोने आहे हे सिद्ध झाले तरी निघेलच असे नाही. पायराइट आणि आर्सेनोपायराइटच्या स्फटिकजाळीत ते सूक्ष्मदर्शकालाही न दिसेल इतके बारीक अडकलेले असते. सोने विरघळवून काढणारे सायनाइडचे पाणी तिथवर पोचत नाही. आधी भाजावे लागते किंवा जिवाणूंकडून कुजवावे लागते. खडकात ग्रॅफाइट असेल तर उलटाच घोळ: सायनाइडने विरघळवलेले सोने ग्रॅफाइट शोषून घेते आणि ते पुन्हा गाळात जाते. कोलारच्या गावाशेजारी अशा गाळाचे राखाडी डोंगर उभे आहेत, तीन कोटी टनांहून अधिक, टनाला पाऊण ग्रॅमच्या आत सोने असलेले. एकत्र मोजले तर वीस टनांच्या पुढे भरते. उन्हाळ्यात वारा सुटला की त्यातली बारीक धूळ गावावर येते.